ज्याचं नेतृत्व केलं असा एक माणूस

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांचं चरित्र लिहायला घेतलं की म्हणे तरुणपणाची वर्षं नीट सापडत नाहीत. माझ्या बाबतीत ती अडचण नको. अर्थात तोवर ही कुणाला दाखवायची नाही. धाकटीला तर नाहीच नाही.

आज नेतृत्वाच्या तासाला मॅडमनी प्रोजेक्ट दिला. प्रत्येकाने नेतृत्वाचं स्वतःचं तत्त्वज्ञान दोन पानांत लिहायचं. महिनाअखेरीला तोंडी परीक्षा. खरी मेख पुढे आहे. तोंडी परीक्षेला येताना, आपण ज्याचं नेतृत्व केलं असा एक माणूस वर्गातूनच आणायचा. तो आपल्याबद्दल दोन मिनिटं बोलणार. एकाने एकासाठीच बोलायचं. माणूस नाही तर पास नाही.

वर्गाचे चेहरे पडले. मला हसू आवरेना. माझ्याबद्दल कुणी बोलायचं यावरून मारामारी होणार हे दिसतंच आहे. लंबूला लगेच बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की तुझं नाव वेटिंग लिस्टमध्ये ठेवतो, पण फार आशा धरू नकोस. लंबू पहिलीपासून माझ्या शेजारी बसतो. तो बरं म्हणाला. तो नेहमीच बरं म्हणतो.

तत्त्वज्ञान उद्या पहाटे उठून लिहायचं. डोकं ताजं असतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

उठलो नाही. झोपेत विचार चालू होता.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तत्त्वज्ञान क्रमांक एक तयार. नेता पुढे चालतो आणि मागे वळून पाहत नाही.

लगेच अंमलबजावणी. तास सुटल्यावर टोळकं कँटीनकडे निघालं तेव्हा झपझप पुढे झालो. मान ताठ, ढांगा लांब. मागे पावलं वाजत होती, मग वाजेनाशी झाली. वळून पाहिलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. विचारांच्या नादात कँटीन मागे पडलं आणि मी बसस्टॉपवर पोचलो. तिथे एका आजींनी मला बस कधी येईल असं विचारलं, म्हणजे चेहऱ्यावर काहीतरी अधिकार दिसत असणार.

परत आलो तर लंबूने माझ्यासाठी अर्धं सँडविच ठेवलं होतं. कुठे गेला होतास असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पुढे.

७ फेब्रुवारी, शनिवार

संधी चालून आली! कॉलेजची लायब्ररी जुन्या इमारतीतून अंगणापलीकडच्या नव्या इमारतीत हलवायची आहे. लायब्ररीयन बाईंना हमाल नकोत, कारण मागच्या खेपेला त्यांनी पुस्तकं विटांसारखी फेकली होती. म्हणून आमच्या वर्गाने माणसांची साखळी करायची आणि पुस्तकं हातोहात पलीकडे द्यायची. साखळीचं नेतृत्व कोण करणार असं मॅडमनी विचारलं. वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर.

गजर म्हणतो की मागच्या बाकावरून हळूबाईनेही हात वर केला होता. (गजर म्हणजे ज्याचा मोबाईल दर तासाला वाजतो तो.) असेलही. हळूबाई इतक्या हळू बोलते की तिची हजेरीसुद्धा शेजारणीला द्यावी लागते. अशा मुलीने नेतृत्व करायचं म्हटलं तर साखळीच्या दुसऱ्या टोकाला कळायला आठवडा लागेल. मॅडम तिला म्हणाल्या की तुलाही काहीतरी सापडेल.

तारीख ठरली, एकवीस. माझ्या हाताखाली अख्खा वर्ग. आता एकच चिंता, इतक्या जणांतून एक निवडायचा कसा?

८ फेब्रुवारी, रविवार

एक नंबरचं तत्त्वज्ञान रद्द. ते एकट्या माणसासाठी आहे. क्रमांक दोन: सर्वांना सहभागी करून घेणे. घरापासून सुरुवात.

चहानंतर आई, बाबा आणि धाकटी यांची बैठक बोलावली. विषय: सकाळी बाथरूमचे नंबर. बाबा चष्म्याच्या दुकानात काम करतात, रविवारीही कुणाची तरी काडी घरी आणून जुळवत बसतात. ते मान वर न करता म्हणाले की जे ठरेल ते मान्य. मी प्रस्ताव मांडला, चर्चा मोकळी ठेवली, मतदान घेतलं. ठराव सर्वानुमते मंजूर. माझा नंबर शेवटचा.

गरम पाणी पहिल्या तिघांत संपतं, हे चर्चेत कुणी काढलंच नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

क्रमांक तीन: मौन. थोर माणसं कमी बोलतात. लोक त्यांच्या डोळ्यांतून ओळखतात.

सकाळपासून बोललो नाही. आईने कपाळाला हात लावून पाहिला, मग थर्मामीटर, मग जिभेचा रंग. धाकटी म्हणाली की काही झालेलं नाही, मौनात आहे, दोन दिवस टिकवलं तर माझ्या वाटणीचं दूध देते. कॉलेजात लंबूने दोनदा विचारलं की माझं काही चुकलं का. डोळ्यांतून नाही म्हटलं. त्याला ते हो वाटलं असावं, कारण तो नंतर गप्पच होता.

दुपारी बोललो. गजरने माझी खुर्ची घेतली होती.

आईला सगळी तत्त्वज्ञानं सांगितली. ती म्हणाली, एक ना धड, भाराभर चिंध्या. तिला प्रयोगशीलता म्हणायचं असणार.

१४ फेब्रुवारी, शनिवार

शिट्टी विकत घेतली. काळी दोरीवाली, खेळाच्या सरांकडे असते तशी. क्रमांक चार आता शब्दांत मांडायची गरजच नाही.

दुपारी अंगणात रिकाम्या खोक्यांवर रंगीत तालीम घेतली. एक शिट्टी म्हणजे घ्या, दोन म्हणजे द्या, तीन म्हणजे थांबा. पाच मिनिटांत सगळे घामाघूम. खोकी द्यायच्या वेळी घेत होते आणि थांबायच्या वेळी देत होते. सूचना समजून घेण्याची कुवत कमी. त्यात लंबूला हसू फुटलं आणि त्याच्या हातून खोकं पडलं.

शिस्त म्हणजे शिस्त. मित्र असला म्हणून काय झालं? लांब शिट्टी मारून सगळ्यांना थांबवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की साखळी तिच्या कच्च्या कडीपाशी तुटते, आणि या साखळीतली कच्ची कडी म्हणजे लंबू. उदाहरण डोळ्यासमोर असलं की पटकन समजतं. सगळे एकदम शांत झाले, म्हणजे परिणाम झाला.

लंबूने खोकं उचललं, खालच्या कोपऱ्याची धूळ झटकली आणि पुढच्याला दिलं. बरं म्हणाला नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

लंबू आज मागच्या बाकावर बसला. उंच माणसाला पाठीमागे भिंत असलेली बरी पडते. मीच त्याला हे कधीतरी सुचवायला हवं होतं.

शेजारची जागा रिकामी. दप्तर ठेवायला झाली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

एका जागी बसवत नाही. तत्त्वज्ञानाची दोन पानं उघडून बसतो, पेनाचं टोपण चावतो, उठतो, खिडकी लावतो, उघडतो. पाय हलतो तो हलतोच. बाबा म्हणाले की तुझ्या पायाने टेबल हलतं आणि माझा स्क्रू घरंगळतो, तेव्हा नेतृत्व जरा दुसऱ्या खोलीत कर.

लंबू अजून मागेच आहे. भिंत मानवलेली दिसते.

क्रमांक पाच सुचलं: निर्णय द्यावा, कारण देऊ नये. कारण दिलं की लोक वाद घालतात. सुंदर. शनिवारी हेच.

२१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी

महत्त्वाचा दिवस. शिट्टी गळ्यात. धाकटीने विचारलं की ट्रॅफिकला उभा राहणार आहेस का. मान ताठ ठेवून निघतोय.

दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

काम झपाट्याने चाललंय. श्रेय कुणाचं ते लिहायला नको.

मूळ ठरलं होतं असं: जुन्या लायब्ररीत आतल्या भिंतीजवळचं पहिलं कपाट आधी रिकामं करायचं, मग दुसरं, मग तिसरं. नव्या लायब्ररीत दारापासून पहिला रॅक भरायचा, मग दुसरा, मग तिसरा. मी सकाळी पाहणी केली आणि एका दृष्टिक्षेपात चूक ओळखली. शेवटचं कपाट तर दाराशीच आहे! पहिल्यासाठी आत कशाला जायचं? जुन्या टोकाला फर्मावलं, शेवटच्या कपाटापासून सुरू करा. कारण दिलं नाही. नव्या टोकाला काही कळवलं नाही, त्यांचा यात काय संबंध?

अर्ध्याच्या वर पुस्तकं गेली. मध्ये एकदा साखळीच्या बरोबर मध्यातून हळूबाई काहीतरी म्हणाली. आकडे, चिठ्ठ्या, असलं काहीतरी. शिट्टीच्या आवाजात ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी खूण केली की काम चालू दे. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर नंबर चिकटवलेला असतो, बायका त्यातच रमतात. माझं लक्ष एकूण चित्राकडे होतं.

संध्याकाळी

एकूण चित्र वाईट निघालं.

जेवणानंतर लायब्ररीयन बाई नव्या इमारतीत गेल्या आणि तिथून जो आवाज आला त्यापुढे माझी शिट्टी काहीच नाही. पहिल्या रॅकवर नकाशे. नकाशे शेवटी हवेत. त्याच्या पुढे भूगोल, मग इतिहास, मग कायदा. अख्खी लायब्ररी शेपटाकडून डोक्याकडे लागत होती. शब्दकोश, जे सगळ्यात आधी हवेत, ते अजून जुन्या इमारतीतच. बाई एका स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या की सगळं परत न्या, सगळं पुन्हा आणा, आणि मला पाणी द्या.

साखळी उभी होती. कुणाच्या दंडाला गोळे आलेले, कुणाच्या बोटांना कागदाने चिरलेलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी शिट्टी तोंडात धरली. पण किती वेळा वाजवायची हे ठरलेलं नव्हतं.

तेवढ्यात हळूबाई लांबून चालत आली. बाईंच्या स्टुलाशेजारी गुडघ्यावर बसली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणाली. मग उठून रॅकच्या टोकाला टांगलेली पत्र्याची पाटी काढली. एक नंबरची. ती घेऊन खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि शेवटच्या रॅकला लावली. शेवटची पाटी आणून पहिल्या रॅकला लावली. मग दुसरी, मग तिच्या जोडीची. पुस्तक एकही हललं नाही. हलल्या फक्त पाट्या. आता लायब्ररी दारापासून सुरू न होता खिडकीपासून सुरू होते, एवढाच फरक. बाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या की शब्दकोश उजेडात आले हे एका परीने बरंच झालं.

लंबूचा हात वरच्या खिळ्यापर्यंत पोचतो. तो न सांगता जाऊन तिच्याकडून पाट्या घेऊन लावायला लागला. मग गजर गेला. मग सगळेच. साखळी आपोआप पुन्हा लागली आणि मध्ये मला एक जागा होती, तिथे उभा राहिलो, कारण नाहीतर तिथे खंड पडला असता. शेवटचं कपाट, म्हणजे पहिलं, अंधार पडायच्या आत संपलं. शिट्टी पुस्तकांच्या गठ्ठ्यात अडकत होती म्हणून खिशात टाकली.

एकंदरीत दिवस यशस्वी. मी मोकळं वातावरण ठेवलं म्हणून हळूबाईला सुचलं.

कानामागून आली आणि तिखट झाली!

२३ फेब्रुवारी, सोमवार

तोंडी परीक्षा शुक्रवारी. माणूस निवडायला बसलो. निकष: वक्तृत्व, आवाज, माझ्याबद्दलचा आदर. या तिन्हींत बसणारं कुणी दिसलं नाही म्हणून निकष दोनावर आणले, मग एकावर.

गजरला ही संधी देऊ केली. तो म्हणाला की तो जुन्या इमारतीत दार धरून उभ्या असलेल्या मुलीसाठी बोलणार आहे. दार धरणं म्हणजे नेतृत्व? पुढच्या बाकावरच्या दोघांनी एकमेकांना धरलंय. तिसऱ्या बाकावर विचारलं तर तिथल्या मुलीने आधी हसून घेतलं आणि मग सॉरी म्हणाली.

आता वेटिंग लिस्ट उघडावी लागणार. लंबूला उद्या गाठतो. नाही म्हणायला त्याला येतंच कुठे?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लंबू हळूबाईसाठी बोलणार आहे.

मी सांगायला गेलो की तुझा नंबर लागला. तो बुटाकडे पाहायला लागला. मग म्हणाला की शनिवारी संध्याकाळीच त्याने तिला शब्द दिला. तू विचारशील असं वाटलं नाही, असंही म्हणाला. रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

वर्गात जितके जण परीक्षेला, तितकेच बोलणारे. सगळ्यांच्या जोड्या लागल्या. आज फळ्यासमोर उभा राहून मनातल्या मनात एकेक बाक मोजला. एकच माणूस शिल्लक आहे ज्याला कुणीही बोलायला घेतलेलं नाही. तो माणूस मी. आणि मी माझ्याबद्दल बोललेलं चालत नाही. मॅडमना तसं विचारून पाहिलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

तत्त्वज्ञानाची पानं कोरी. सहा, सात, आठ अशी तीन तत्त्वज्ञानं लिहून खोडली.

दुपारी लंबूच्या गल्लीत तीन चकरा मारल्या. त्यांच्या फाटकाशी जायचो, कडीला हात लावायचो, आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून पुढे जायचो. तिसऱ्या वेळी त्याच्या आईने गॅलरीतून विचारलं की काही हरवलंय का रे. नाही काकू, म्हटलं. घरी आलो तर धाकटी माझ्याकडे बघून काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा समजावं की अवस्था खरंच वाईट आहे.

नापास होण्याचं वाईट वाटतंय. पण खरं सांगायचं तर तेवढंच नाही. लंबू शेजारी नसताना मी काहीही ठरवलं तरी बरं म्हणणारं कुणी नसतं, आणि मग ते ठरवलंय असं वाटतच नाही. मला लंबू परत हवाय. मार्क नाही मिळाले तरी चालतील. (हे वाक्य उद्या मार्क गेले की पुन्हा तपासायचं.)

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

माझं नाव मध्येच आलं. उठलो. मॅडमनी विचारलं, माणूस कुठे आहे? मी म्हटलं येतोय. का म्हटलं माहीत नाही. दाराकडे बघत उभा राहिलो. मॅडमही बघायला लागल्या, मग वर्गही. दार तसंच. गजरचा मोबाईल वाजला, तेवढाच आधार.

मागच्या बाकावरून लंबूने अर्धवट हात वर केला. मॅडम म्हणाल्या की तुझं नाव हळूबाईसाठी आहे, एकाने एकासाठीच. हात खाली गेला.

मग हळूबाई उठली. ती काय म्हणाली ते पहिल्या वेळी कुणालाच ऐकू आलं नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली की लंबूला त्याच्यासाठी बोलू द्या, माझ्यासाठी तो बोलेल. आणि माझ्याकडे बोट दाखवलं. पाटी या टोकाची काढून त्या टोकाला. मॅडम चालेल म्हणाल्या.

लंबू पुढे आला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला की यानं नेतृत्व वगैरे काही केलं असं त्याला आठवत नाही. वर्ग हसला. शिट्टी फार वाजवतो, म्हणाला. पुन्हा हसले. मग म्हणाला की नववीत तो एकदम एवढा उंच झाला तेव्हा शाळेत सगळे चिडवायचे, त्याने शाळेत जायचंच बंद करायचं ठरवलं होतं. तेव्हा मी रोज सकाळी त्याच्या फाटकाशी उभा राहायचो. हाक मारायचो नाही. तो चपला घालून येईपर्यंत थांबायचो. मला त्याच्या सायकलवर डबलसीट जायचं असायचं हे त्याला पक्कं माहीत होतं, असंही तो म्हणाला. या वेळी सगळ्यात जास्त हसले. मी खाली बघत होतो. मग लंबू म्हणाला, पण एकदा आठवडाभर सायकल पंक्चर होती. तेव्हाही तो फाटकाशी यायचा. आम्ही चालत जायचो.

एवढं बोलून जागेवर जाऊन बसला. दोन मिनिटं झालीही नव्हती.

नंतर हळूबाईची पाळी, म्हणजे माझी. मला वाटलं आता वक्तृत्व दाखवू. उभा राहिलो आणि म्हटलं की तिने मला शनिवारी दोनदा सांगितलं होतं आणि मी दोन्ही वेळा ऐकलं नाही. मग पाट्यांचं सांगितलं. मग हे सांगितलं की सगळे माझ्याकडे बघत होते तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, बाईंच्या शेजारी खाली बसत होती, आणि नंतरही तिने कुणाला सांगितलं नाही की चूक कुणाची. कुणी विचारलं तर म्हणायची, पाट्या उलट्या लागल्या होत्या. मॅडम म्हणाल्या वेळ संपली. मी म्हटलं अजून थोडं आहे.

२८ फेब्रुवारी, शनिवार

निकाल. हळूबाई वर्गात पहिली. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की महिनाभरात त्यांनी ऐकलेलं नेतृत्वाचं सगळ्यात चांगलं वर्णन काल माझ्या तोंडून आलं, आणि त्याचे मार्क नियमाप्रमाणे तिला मिळाले. मी काठावर पास, लंबूमुळे. तत्त्वज्ञानाची पानं कोरी दिली म्हणून तिथे शून्य, पण त्यावर मॅडमनी लिहिलंय की हा तुझा सर्वांत प्रामाणिक मसुदा.

शिट्टी धाकटीला देऊन टाकली. तिने घरात एकदा वाजवली तर आई स्वयंपाकघरातून आणि बाबा हातातला चष्मा घेऊन, दोघंही धावत आले. मी आठ दिवस वाजवली तेव्हा कुणी आलं नव्हतं.

कँटीनकडे जाताना लंबू पुढे होता, मी मागे. तो ढांगा टाकतो तेव्हा गाठणं अवघड जातं. वळणाशी तो थांबला, मागे वळला, मी येतोय ना ते पाहिलं आणि मग चालायला लागला. जेवताना म्हणाला की लायब्ररीच्या जुन्या इमारतीत काही खोकी राहिलीत, हळूबाई सोमवारी हलवणार आहे, येशील का.

बरं, म्हटलं.